झबलं वर करून पाहा

ऑगस्टचा दुसरा आठवडा होता. धानोरा तालुक्यातली रोवणी शेवटाला आली होती आणि पाऊस काही उघडत नव्हता. गडचिरोलीहून निघालेली आमची गाडी डांबरी रस्ता सोडून गावाच्या वाटेला लागली, तेव्हा दोन्ही बाजूंच्या बांधींमध्ये बायका गुडघाभर पाण्यात वाकून रोपं लावत होत्या. गावात दारं उघडी होती, पण आत होती ती म्हातारी माणसं आणि लेकरं.

अशाच एका घराच्या ओसरीत गावच्या आशा स्वयंसेविका, म्हणजे आशाताई, मांडी घालून बसल्या होत्या. समोर आजी आणि आजीच्या मांडीवर आठ महिन्यांची नात, किरकिरी, नाक वाहणारी. तीन दिवस खोकला, कालपासून अंगात ताप. आजीनं निरोप धाडला होता तो एवढाच : "पोरीले डब्बा झाला वाटते."

आशाताईंनी पोरीला लगेच हात लावला नाही. "आधी तिच्या मायले बोलवा," त्या म्हणाल्या. कुणीतरी बांधीकडे पळालं. आई आली ती पोटऱ्यांपर्यंत चिखलानं माखलेली. तिनं हातपाय धुतले, लेकीला पदराखाली घेतलं. पोट भरल्यावर पोर सैल पडली, डोळे मिटायला लागली. तेव्हा आशाताई पुढे सरकल्या आणि दोन बोटांनी तिचं झबलं हलकेच छातीच्या वर सरकवलं.

"आता कोणी बोलू नका."

पोट वर, पोट खाली. आशाताईंची नजर एकदा पोटावर, एकदा घड्याळाच्या काट्यावर. कौलांवर पाऊस वाजत होता. मीही मनातल्या मनात मोजायला लागले आणि तिसाच्या पुढे चुकले. मिनिट संपल्यावर आशाताई म्हणाल्या, "अठ्ठावन्न." मग त्यांनी पुन्हा एक मिनिट मोजलं. सत्तावन्न.

या वयाच्या बाळाचे श्वास मिनिटाला ५० किंवा त्याहून जास्त भरले, तर तो न्यूमोनिया समजायचा. ना एक्स-रे, ना रक्ताची तपासणी, ना छातीवर स्टेथोस्कोप. एक मिनिट, एक घड्याळ आणि वर केलेलं झबलं.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी 'श्वास' हा एकच शब्द विषय म्हणून कळवला, तेव्हा मला प्राणायाम आठवला नाही की शहराची हवाही आठवली नाही. मला असं न मोजलं गेलेलं एक मिनिट आठवलं. ते माझ्या घरातलं होतं. त्याबद्दल पुढे लिहिते. जगात २०१९ साली पाच वर्षांखालची सुमारे ७ लाख ४० हजार मुलं न्यूमोनियानं गेली. त्या वयात होणाऱ्या दर सात मृत्यूंमधला एक. औषध स्वस्त, निदान सोपं, लस उपलब्ध. तरीही मुलं जातात ती कुठल्या फटीतून, हे पाहायला मी गडचिरोलीला गेले. कारण ही फट बुजवायची एक वाट याच जिल्ह्यानं जगाला दाखवली आहे.

फुप्फुसाच्या आत

न्यूमोनिया हा एकाच जंतूचा आजार नव्हे. फुप्फुसाच्या टोकाशी द्राक्षांच्या घोसासारखे बारीक वायुकोश असतात. श्वासातला ऑक्सिजन त्यांच्या पातळ भिंतीतून रक्तात उतरतो. विषाणू किंवा जिवाणू तिथवर पोचले, की शरीर त्यांच्याशी लढायला पेशी आणि द्रव पाठवतं. लढाई चालते ती जागा पाण्यानं आणि पुवानं भरते. जिथं हवा असायला हवी, तिथं चिखल. भरलेल्या वायुकोशातून ऑक्सिजन आत जात नाही आणि ओलं झालेलं फुप्फुस ताठरही होतं, नीट फुगत नाही.

मग शरीर जे जमेल ते करतं. एका श्वासात हवा कमी मिळते ना, तर श्वास वाढवतं. म्हणून वेग वाढणं ही पहिली खूण. तेवढ्यानं भागलं नाही, तर बाळ श्वास ओढायला जोर लावतं. मोठ्या माणसाच्या बरगड्या टणक असतात. बाळाच्या कूर्चेसारख्या मऊ. जोरानं श्वास घेताना छातीचा खालचा भाग बाहेर येण्याऐवजी आत ओढला जातो. नाकपुड्या फुलतात, दर श्वासाला कण्हल्यासारखा आवाज येतो. ही दुसरी पायरी. तिसऱ्या पायरीला बाळ दूध ओढत नाही, कारण ओढायला आणि गिळायला जो दम लागतो, तो श्वासातच खर्च होतो. ते सुस्त पडतं, ओठ निळसर दिसतात. आणि शेवटी थकलेल्या बाळाचा श्वास मंदावतो. घरच्यांना वाटतं, शांत झोपलं. ती शांतता सगळ्यात घातकी.

घरात घाबरवणारा आवाज मात्र बहुधा वेगळाच असतो. सर्दीनं चोंदलेल्या नाकातून बाळाची घरघर चालते आणि अख्खं घर रात्रभर जागतं. त्या बाळाचा श्वास मोजला, तर बरेचदा तो चाळिशीच्या आत निघतो. नाक साफ केलं की बाळ दूध पितं, हसतं. याउलट न्यूमोनिया झालेलं बाळ फारसा आवाज न करताही मिनिटाला साठ-साठ श्वास घेत असतं. कान फसवतो. डोळ्यानं पाहावं लागतं, आणि पाहायचं तर अंगावरचं कापड वर करावं लागतं.

वयाप्रमाणे मर्यादा बदलते. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ६०, दोन महिने ते वर्षाच्या बाळाला ५०, एक ते पाच वर्षांच्या मुलाला ४०. मूल रडत नसावं, पीत नसावं, शांत असावं. आणि मोजायचं ते पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारानं गुणलं तर चालत नाही, कारण लहान बाळाचा श्वास एका लयीत नसतोच. चार भराभर घेतं, मग क्षणभर थांबतं.

स्टेथोस्कोपशिवाय हे जमेल, असं कधी कुणाला वाटलं? १९८० च्या दशकात फ्रँक शान हे बालरोगतज्ज्ञ पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागात काम करत होते. मैलोन्मैल डॉक्टर नाही, एक्स-रे नाही. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की खोकणाऱ्या मुलाचा श्वासाचा वेग आणि आत ओढली जाणारी छाती, एवढ्या दोन खुणांवरून कोणाला औषध द्यायचं आणि कोणाला दवाखान्यात हलवायचं हे ठरवता येतं. पुढे जागतिक आरोग्य संघटनेनं याच पायावर नियम बांधले. आशाताईंच्या घड्याळातलं मिनिट तिथून आलेलं आहे.

डब्बा

आजीनं 'डब्बा' म्हटलं, तेव्हा मला ती अडाणी समजूत वाटली. दोन दिवसांनी कळलं की आजीचं निदान बरोबर होतं. पोट उडतंय, बरगड्यांखाली खळगा पडतोय, बाळ धापतंय, हे या भागातल्या बायांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेलं आहे आणि त्याला नाव दिलेलं आहे. पुस्तकात ज्याला छाती आत ओढली जाणं म्हणतात, ते त्यांनी कुठल्याही पुस्तकाच्या आधी ओळखलं होतं.

चूक पुढच्या पावलात होती. पोट उडतं म्हणजे रोग पोटात, असा अर्थ लावला गेला आणि उपचार पोटावर झाले. बिब्बा लावणं, तापवलेल्या लोखंडानं डागणं. मेळघाटात कोरकू वस्त्यांमध्ये यालाच डंबा देणं म्हणतात. विळा तापवून तान्ह्या बाळाच्या पोटावर टेकवलेल्या खुणा तिथल्या डॉक्टरांनी कितीतरी पाहिल्या आहेत. बाहेरचा माणूस हे ऐकून संतापतो आणि संतापावं असंच ते आहे. पण डागणारी आई निर्दय नसते. रात्र असते, पाऊस असतो, बाळ धापत असतं आणि हाताशी जे आहे ते करायचं असतं. तिच्या हातातला विळा तेव्हाच सुटेल, जेव्हा त्या हातात दुसरं काही असेल.

आशाताई आजीला डागण्याबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "आजी, तुमी बरोबर ओळखलं. डब्बाच आहे. पण तो पोटात नाही, छातीत आहे. त्याची गोळी आहे माझ्यापाशी." आजीच्या चेहऱ्यावर मान मिळाल्याचं समाधान होतं. मला वाटतं, त्या घरात गोळी पोटात गेली ती त्या एका वाक्यामुळे.

मणी आणि वाळू

धानोऱ्याच्या रस्त्यावर चातगावजवळ 'सर्च' या संस्थेचं शोधग्राम आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत ही संस्था सुरू केली, तेव्हा इथं हजार जन्मांमागे १२१ बाळं वर्षाच्या आत जात होती. का जातात, हे गावोगाव फिरून शोधलं, तेव्हा न्यूमोनिया हे फार मोठं कारण निघालं. औषध होतं, पण ते दवाखान्यात होतं. मुलं घरात होती. आणि न्यूमोनिया दोन-तीन दिवसांत मूल नेतो.

मग प्रश्न असा : डॉक्टर गावात येणार नसेल, तर डॉक्टरच्या कामातला एवढाच तुकडा गावातल्या माणसाला देता येईल का? त्यांनी तो गावच्या आरोग्यसेवकांना दिला आणि सुईणींनाही दिला. सुईण घराघरात जाणारी, बाळाला पहिल्या श्वासापासून ओळखणारी. अडचण एकच. यातल्या बऱ्याच बायांनी शाळा पाहिलेली नव्हती. दहापर्यंत आकडे यायचे. पन्नास कसे मोजणार?

या अडचणीतून एक यंत्र जन्मलं. त्याला यंत्र म्हणावं की पाटी, हा प्रश्न पडावा इतकं साधं. लाकडी चौकटीत एक मिनिटाची वाळूची घटिका आणि तारेत ओवलेले मणी. मण्यांच्या ओळी दोन : एक दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी, दुसरी त्याहून मोठ्यासाठी. घटिका उलटी करायची, बाळाच्या पोटाकडे पाहत दहा श्वास मोजायचे आणि एक मणी सरकवायचा. पुन्हा दहा, पुन्हा मणी. ओळीतला शेवटचा मणी लाल. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकवायची वेळ आली, तर न्यूमोनिया. जिला दहाच आकडे येतात, तिच्यासाठी दहाचेच आकडे पुरवले. माणसाला यंत्राजोगं करायच्या ऐवजी यंत्र माणसाजोगं केलं, याहून चांगली तंत्रविद्या मला ठाऊक नाही.

निदान झालं की कोट्रायमोक्साझोल हे त्या काळचं स्वस्त प्रतिजैविक द्यायचं. ५८ गावांत हे काम झालं, तुलनेसाठी शेजारची ४४ गावं घेतली. उपचार मिळालेल्या ६१२ आजारांमध्ये मृत्यूचं प्रमाण शेकडा एकाहूनही कमी, ०.८ निघालं. तुलनेच्या गावांत ते १३.५ होतं. वर्षभरात उपचाराच्या गावांमधले न्यूमोनियाचे बालमृत्यू शेजारच्या गावांच्या निम्म्याखाली आले. हे निष्कर्ष १९९० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. सुईणींनी हाताळलेल्या मुलांचे निकाल इतरांहून वाईट नव्हते, हे पुढे स्वतंत्रपणे नोंदवलं गेलं. जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यातल्या बाळांसाठी याच रीतीनं घरोघरी जाण्याचा प्रयोग झाला, त्याचा अहवाल १९९९ मध्ये आला आणि २०११ पासून देशभरातल्या आशा नवजात बाळाच्या घरी ठरल्या दिवशी जाऊ लागल्या.

धानोऱ्यातल्या ओसरीत बसलेल्या आशाताईंना 'लॅन्सेट' माहीत नसेल. पण त्यांच्या बोटांत ती चौकट आहे. दर दहा श्वासांना त्यांचा अंगठा एक पेर पुढे सरकत होता, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

दहा गोळ्या

आशाताईंच्या पिशवीतून दोन गोष्टी आधी बाहेर आल्या. पहिली हिवतापाच्या तपासणीची पट्टी. या जिल्ह्यात ताप म्हटला की हिवताप आधी डोळ्यांसमोर येतो, आणि एकाच बाळाला दोन्ही असू शकतात. बोट टोचलं, थेंब टाकला, वाट पाहिली. हिवताप नव्हता. मग त्यांनी आईला चार प्रश्न विचारले. दूध पिते का? प्यायलेलं सगळं उलटून पडतं का? झटका आला होता का? उठवल्यावर जागी होते का? छातीचा खालचा भाग आत ओढला जात नाही, हे त्यांनी झबलं वर असतानाच पाहिलं होतं. या खुणांपैकी धोक्याची एक जरी निघाली असती, तर गाडी थेट मोठ्या दवाखान्यात.

दुसरी गोष्ट होती अमॉक्सिसिलिनची पाण्यात विरघळणारी गोळी. चमच्यात थोडं उकळून गार केलेलं पाणी घेऊन त्यात २५० मिलिग्रॅमची एक गोळी टाकली. ती बघता बघता विरघळली आणि बाळानं तोंड वाकडं करत घेतली. कोट्रायमोक्साझोलची जागा आता या औषधानं घेतली आहे. बाटलीतलं पातळ औषध थंड जागी ठेवावं लागतं, फुटतं, सांडतं, चमच्याच्या मापात चूक होते. गोळीचं तसं नाही. ती पिशवीत महिनोन्‌महिने राहते.

पहिला डोस देऊन आशाताईंनी मायलेकींना तीन किलोमीटरवरच्या उपकेंद्रात आणलं. तिथल्या समुदाय आरोग्य अधिकारी मॅडमनी वजन केलं, ६ किलो ९०० ग्रॅम. बाळाच्या पायाच्या अंगठ्याला ऑक्सिमीटर लावला, ९५. पुन्हा श्वास मोजले. सकाळी एक, संध्याकाळी एक, पाच दिवस, असं सांगून उरलेल्या गोळ्या मोजून हातावर ठेवल्या. घेतलेली धरून एकूण दहा. २०१९ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारनं 'सांस' नावाची मोहीम सुरू केली, तिच्यात हे सगळं बसवलेलं आहे : आशानं ओळखायचं, पहिला डोस द्यायचा, पुढे पाठवायचं. दर वर्षी १२ नोव्हेंबरच्या जागतिक न्यूमोनिया दिनापासून फेब्रुवारी संपेपर्यंत ती जोरात चालते. गडचिरोलीत मात्र धोक्याचे दिवस पावसाळ्यातच सुरू होतात.

मॅडमनी आईला एक गोष्ट तीनदा सांगितली. "दोन दिवसांनी ताप उतरेल. पोर खेळायला लागेल. तुले वाटेल बरी झाली. तरी गोळ्या संपवायच्या." ताप उतरला म्हणून उरलेल्या गोळ्या पुढच्या आजारासाठी गाडग्यात ठेवणं ही गावातली काटकसर, शहरात तीच गोष्ट औषधांच्या डब्यात होते. अर्धवट मारलेले जंतू पुन्हा उठतात. आणि उलट चूकही तितकीच मोठी आहे. साध्या सर्दी-खोकल्याला प्रतिजैविक द्यायचं. बहुतेक सर्दी विषाणूंची असते, तिला या गोळीचा काडीचा उपयोग नाही. म्हणून ते एक मिनिट दोन्हीकडून राखण करतं : ज्याला औषध हवं त्याला ते मिळतं आणि ज्याला नको त्याला दिलं जात नाही.

नदीच्या अलीकडे, पलीकडे

सगळी बाळं ओसरीत बरी होत नाहीत. जिल्ह्याच्या ठिकाणी लहान मुलांच्या वॉर्डात मी एक दुपार बसले होते. कोपऱ्यातल्या खाटेवर चार महिन्यांचं बाळ होतं. नाकाला बारीक नळी, छातीखाली दर श्वासाला पडणारा खळगा, मानेच्या मुळाशी ओढ. भरती झालं तेव्हा ऑक्सिजन ८४ होता. ९० च्या खाली गेलेल्या बाळाला गोळी किंवा इंजेक्शन पुरत नाही. औषधाला काम करायला एक-दोन दिवस लागतात आणि तेवढे दिवस बाळाला जिवंत ठेवणारी वस्तू म्हणजे ऑक्सिजन.

आपण घेतो त्या हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो. वॉर्डातला कॉन्सन्ट्रेटर खोलीतलीच हवा घेतो, नायट्रोजन गाळून टाकतो आणि ९० टक्क्यांहून जास्त ऑक्सिजन नळीतून सोडतो. त्याला सिलिंडर लागत नाही, पण वीज लागते. वीज गेली की परिचारिकेची नजर आधी यंत्राकडे, मग सिलिंडरच्या पान्याकडे जाते. बांगलादेशात ढाक्याच्या आयसीडीडीआरबी या संस्थेतले डॉ. मोहम्मद जोबायर चिश्ती यांनी ऑक्सिजनच्या नळीचं दुसरं टोक पाणी भरलेल्या साध्या शाम्पूच्या बाटलीत बुडवलं. बाळ श्वास सोडतं तेव्हा पाण्यात बुडबुडे उठतात आणि त्या दाबानं फुप्फुसाचे कोश मिटत नाहीत. साध्या ऑक्सिजनपेक्षा यानं जास्त मुलं वाचली, हे त्यांनी २०१५ मध्ये दाखवून दिलं. महागड्या यंत्राचं काम टाकाऊ बाटलीनं केलं. मला त्यात मण्यांच्या चौकटीचं सख्खं भावंड दिसलं.

त्या खाटेवरच्या बाळाची आई भामरागडकडची. तिला मराठी जेमतेम समजत होतं. शेजारच्या खाटेवरची बाई माडियातून सांगत होती. पावसाळ्यात पर्लकोटा फुगली की भामरागडचा जगाशी संपर्क तुटतो, हे दर वर्षी वर्तमानपत्रांत येतं. बातमीत ते एक वाक्य असतं. या आईसाठी ती एक रात्र होती : मांडीवर धापणारं बाळ, समोर पाणी, आणि पलीकडे दवाखाना. पहाटे पाणी उतरलं म्हणून ती पोचली.

न्यूमोनियाच्या मृत्यूचं कारण आपण जंतू असं लिहितो. तिच्याजवळ बसून मला वाटलं, कारणाच्या रकान्यात तास लिहायला हवेत. धाप दिसल्यापासून ती न्यूमोनियाची आहे हे कळेपर्यंत गेलेले तास, कळल्यापासून औषधापर्यंत गेलेले, आणि औषधापासून ऑक्सिजनपर्यंत गेलेले. आशाताईंची पिशवी यातले पहिले दोन कमी करते. तिसरा कमी करायला पूल, रस्ता, रुग्णवाहिका आणि न जाणारी वीज लागते. ते आशाताईंच्या हातात नाही. ते आपण ज्यांना निवडून देतो त्यांच्या हातात आहे.

वडिलांचा श्वास

आता माझ्या घरातलं मिनिट. आम्ही शहरात राहतो. पायी जाण्याच्या अंतरात चार दवाखाने. माझे वडील, अण्णा, ७९ वर्षांचे, मधुमेही. एका हिवाळ्यात त्यांचं जेवण कमी झालं. ताप नाही, खोकला अगदी किरकोळ. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला माझ्या आत्याच्या नावानं हाक मारली. तिसऱ्या दिवशी संडासाला जाताना भिंत धरली. आम्ही म्हटलं, वय झालं. जवळच्या दवाखान्यात नेलं; तिथं रक्तदाब पाहिला, साखर पाहिली, शक्तीचं औषध दिलं. श्वास कुणी मोजला नाही. मीही नाही.

चौथ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या काकू आल्या. त्या निवृत्त परिचारिका. अण्णांच्या उशाशी बसल्या आणि बोलता बोलता गप्प झाल्या. मला वाटलं, त्या प्रार्थना करताहेत. त्या मोजत होत्या. "मिनिटाला बत्तीस चाललाय गं. ऑक्सिमीटर आहे का घरात?" करोनाच्या वेळचा कपाटात पडलेला होता. ८६.

धडधाकट मोठा माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो. तिसाच्या घरात गेला की प्रकरण गंभीर. म्हाताऱ्या माणसाला न्यूमोनियात ताप येईलच असं नाही. त्यांचं शरीर तेवढी आग पेटवत नाही. गोंधळणं, पडणं, अन्नावरची वासना जाणं, हीच त्यांची लक्षणं. अंथरुणाला खिळलेल्या किंवा अर्धांगवायू झालेल्या माणसाच्या घशातून अन्नाचा कण श्वासनळीत उतरला, तरी न्यूमोनिया होतो. म्हणून त्यांना बसवून भरवायचं, भरवल्यावर लगेच आडवं करायचं नाही, तोंड आणि कवळी रोज स्वच्छ ठेवायची.

अण्णा वाचले. अकरा दिवस रुग्णालयात होते. पण पहिल्याच दिवशी पांघरूण बाजूला करून मी त्यांच्या छातीकडे एक मिनिट पाहिलं असतं तर, हा विचार मला आजही सोडत नाही. आमच्याकडे चार दवाखाने होते. धानोऱ्यातल्या त्या आजीकडे आशाताई होत्या. मोजणारं माणूस तिच्याकडे होतं.

सुई, दूध आणि चूल

बुधवारी उपकेंद्रात लसीकरणाचा दिवस होता. निळ्या व्हॅक्सिन कॅरियरमधून एएनएमताई कुप्या काढत होत्या. बाहेर बायांची रांग, आत एक-एक करून फुटणारं रडणं. न्यूमोनियाला अडवणाऱ्या भिंतीतल्या तीन विटा या डब्यात होत्या. पेंटाव्हॅलंट लसीतला एक भाग हिब या जिवाणूला अडवतो. ती ६, १० आणि १४ आठवड्यांना. गोवर-रुबेलाची लस नऊ महिने झाल्यावर आणि पुन्हा दीड वर्षाच्या सुमारास. गोवर झालेल्या मुलाला मागोमाग न्यूमोनिया गाठतो. तिसरी पीसीव्ही, न्यूमोकोकस या सर्वांत कुप्रसिद्ध जिवाणूविरुद्ध. ती दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिन्यांना.

या तिसऱ्या लसीची गोष्ट मराठी वाचकाला जवळची आहे. न्यूमोकोकसच्या पृष्ठभागावरच्या साखरेचे शंभरच्या घरात प्रकार आहेत. लसीत प्रत्येक निवडक प्रकार वेगळा बनवून प्रथिनाला जोडावा लागतो. म्हणून ती महाग. खासगी दवाखान्यात एका डोसला काही हजार मोजावे लागत. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं दहा प्रकारांविरुद्धची स्वस्त लस तयार केली. २०१९ च्या डिसेंबरात तिला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली. सरकारी कार्यक्रमात पीसीव्ही २०१७ पासून काही राज्यांत आली होती. २०२१ मध्ये ती महाराष्ट्रात आणि देशभर पोचली. धानोऱ्याच्या ओसरीतल्या मुलीचं कार्ड मी पाहिलं. दोन खुणा झालेल्या होत्या, तिसरी पुढच्या महिन्यात.

मग तिला न्यूमोनिया झाला कसा? लस सगळ्या जंतूंना अडवत नाही. लहान मुलांच्या न्यूमोनियात विषाणूंचा वाटा मोठा आहे, त्यातही आरएसव्ही या विषाणूचा. पण लस घेतलेलं, आईचं दूध पिणारं, वजन बरं असलेलं बाळ आजारी पडलं तरी तगतं. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीही नाही, हे न्यूमोनियाविरुद्धचं सर्वांत जुनं आणि सर्वांत स्वस्त औषध. कुपोषित मुलाचं उलट असतं. त्याला ताप चढत नाही, खोकायची ताकद नसते, आजार दिसतच नाही आणि मूल जातं.

चुलीच्या धुराबद्दल मी थोडं जपून लिहिते. धुरात वाढणाऱ्या मुलांमध्ये न्यूमोनिया जास्त, हे अनेक अभ्यासांत दिसलं. म्हणून भारतासह चार देशांत मोठा प्रयोग झाला; भारतात तो तमिळनाडूत झाला. गरोदर बायांच्या घरी गॅस दिला, चूल जवळपास बंद झाली. तरीही त्यांच्या बाळांमधला गंभीर न्यूमोनिया लक्षणीय कमी झाला नाही. याचा अर्थ धूर निरुपद्रवी असा होत नाही. आईचे डोळे आणि आईची फुप्फुसं तो रोज खातो. तेवढं कारण चूल बदलायला पुरेसं आहे. पण एक सिलिंडर दिला की बाळ वाचलं, इतकं हे सोपं नाही. घरातली दाटी, ओल, बिडीचा धूर, न धुतलेले हात, अपुरं अन्न हे सगळं एकत्र येऊन बाळाच्या छातीत उतरतं.

मोठ्यांसाठीही लशी आहेत. पासष्टीपुढच्यांनी, मधुमेह, दमा, हृदयविकार असणाऱ्यांनी दर वर्षी फ्लूची आणि डॉक्टरांना विचारून न्यूमोकोकसची लस घ्यावी. आम्ही अण्णांना दिली. चार दिवस उशिरा शहाणे झालो. आणि दोन आठवड्यांपुढे खोकला टिकला, तर थुंकी तपासून क्षय नाही ना, हे पाहावं.

तिसरा दिवस

उपचार सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशी आशाताई पुन्हा मोजायला जातात. औषध लागू पडतंय की नाही, हे त्या दिवशी कळतं. वेग उतरला नसेल, बाळ पीत नसेल, तर वाट न पाहता मोठा दवाखाना. मी त्यांच्यासोबत गेले.

पाऊस उघडला होता. आई ओसरीत होती. त्या दिवशी ती रोवणीला गेली नव्हती. एका दिवसाची मजुरी बुडाली होती, हे तिनं न विचारता सांगितलं आणि लगेच लेकीला छातीशी धरलं. पोरीचे डोळे टवटवीत होते. तिनं माझ्या चष्म्यावर हात मारला.

आशाताई म्हणाल्या, "आज तू मोज." आई संकोचली, पण लेक निजायला टेकल्यावर तिनं स्वतःच झबलं वर केलं. दहा झाले की ती एक बोट मिटत होती. मी आशाताईंना काही विचारायला तोंड उघडलं, तोच कोपऱ्यातून आजीचा हात वर झाला.

"आता कोणी बोलू नका."

मिनिट संपलं तेव्हा आईची चार बोटं मिटलेली होती आणि पाचवं अर्धवट वाकलेलं. "चार दहा आन् वर एक," ती म्हणाली. एक्केचाळीस.

आजीनं फळीवरची गोळ्यांची पट्टी काढली आणि प्रकाशाकडे धरून मोजली. अजून पाच उरल्या होत्या.